बुवांच्या डाव्या खांद्यामागे

प्रिय वसुधा,

अंबरीशच्या हातात पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदाच सांगून टाकतो, सगळे ठीक आहेत. माझी साखर आटोक्यात आहे, मैत्रेयीचा खोकला गेला, आणि बाल्कनीतल्या तुझ्या कुंड्यांना रोज पाणी मिळतंय. मग फोन का नाही केला, असं तू विचारशील. फोनवर तू 'बरं' म्हणतेस. तुझ्या त्या 'बरं'पुढे माझं आजवर कधी काही चाललेलं नाही. म्हणून आज जेवण झाल्यावर ऊन आहे तोवर बाल्कनीत खुर्ची टाकून बसलोय. खाली झिरकपूरचा नेहमीचा जाम लागलाय आणि जो तो हॉर्नवर हात ठेवून बसलाय. तू असतीस तर एव्हाना काचेचं दार ओढून आत गेली असतीस.

तू पुण्याला मंजुषाकडे गेलीस ती एका आठवड्यासाठी. बहिणीकडे जायचं होतं, गेलीस, माझी काही तक्रार नव्हती. मग एक दिवस फोन आला की पाय दुखतात, तिकीट रद्द केलंय. आणि त्याच फोनमध्ये, श्वाससुद्धा न घेता, तू सांगितलंस की केतकरांनी काढलेल्या फोटोंचं पुण्यात प्रदर्शन भरतंय, गायक, नट, लेखक, नर्तकी, सगळी मोठमोठी माणसं, आणि त्यात आपल्या हॉलमधला हर्डीकरबुवांचा फोटो हवाय. केतकरांकडची निगेटिव्ह पुराच्या पाण्यात गेली, प्रिंट काय ती आपल्याकडेच, तर अंबरीश ऑफिसच्या कामाने येतोय त्याच्याबरोबर पाठवा. वर बजावलंस, आहे तसाच पाठवा, उघडू नका. मी विचारलं, तू परत कधी येणार? तू म्हणालीस, बघू. फोटोचा दिवस पक्का आणि बायकोचं बघू. हे मला लागलं, वसुधा. तू विचारलं असतंस तर काही नाही म्हणालो असतो, पण लागलं.

आता निघालंच आहे तर सगळंच काढतो. मला तो माणूस कधी सहन झाला नाही. पंडित बाळकृष्ण हर्डीकर असतील मोठे, असतील त्यांना पुरस्कार, लोक त्यांच्या पायावर डोकं ठेवत असतील. माझ्या घरात ते माझ्या सोफ्याच्या बरोबर वर बसून होते. लग्नाच्या रुखवतात लोक भांडी आणतात, रांगोळ्या आणतात. तू एक परपुरुष फ्रेम करून आणलास. आई तेव्हा म्हणाली होती, गुरुजी आहेत तिच्या माहेरच्या गल्लीतले, राहू दे. मीही म्हटलं, राहू दे. राहिले.

भूजल खात्यातल्या माझ्या बदल्या तुला आठवतात तशा मलाही आठवतात, फक्त आठवणी वेगळ्या आहेत. नागपूर, भोपाळ, जयपूर, मग इथे. प्रत्येक वेळी माझी पुस्तकं पोत्यात, माझा टेबल टेनिसचा कप घमेल्यात, आणि बुवा तुझ्या आईच्या नऊवारीत गुंडाळलेले, गाडीत तुझ्या मांडीवर. भोपाळहून येताना अंबरीश तापाने फणफणला होता, तेव्हा त्याला मी घेतला आणि बुवांना तू. कप फुटला, त्याचं तुला काही वाटलं नाही. नव्या क्वार्टरमध्ये पाऊल टाकलं की गॅस जोडायच्या आधी तू खिळा शोधायचीस. मी निवृत्त झालो तेव्हा ऑफिसने माझा शाल-नारळ घेतलेला फोटो फ्रेम करून दिला, तो अजून फ्रिजवर उभा आहे, मिक्सरच्या डब्याला टेकून. लग्नाचा फोटो कपाटात. भिंतीवर बुवा.

आणि लोकांचं काय सांगू. इथे राहायला आलो त्या पहिल्या दिवाळीत समोरच्या गुरमीत भाभी मिठाईचा डबा घेऊन आल्या, बुवांच्या फोटोपुढे त्यांनी हात जोडले आणि मला म्हणाल्या, बाऊजी बड़े नूरानी थे. शाल, पागोटं, कपाळाला गंध, चेहऱ्यावर तेज, त्यांना वाटलं माझे वडील. तू स्वयंपाकघरात होतीस. आता हे माझे वडील नाहीत, माझ्या बायकोच्या गल्लीतले गवई आहेत, हे मी त्या बाईंना कुठल्या तोंडाने सांगणार होतो? मी म्हटलं, हां जी. तेव्हापासून दर दिवाळीला एक बर्फी बाऊजींची. तू बाहेर आलीस, तुला कळलं, तू पदर तोंडाला लावून हसलीस. ज्याचा मी जन्मभर दुस्वास केला त्याचा मी मुलगा झालो.

बुवा गेले त्या दिवसाचंही बोलून टाकतो. टीव्हीवर खाली पट्टी आली. तू गॅस बंद केलास आणि पलंगावर जाऊन बसलीस ती संध्याकाळपर्यंत. रडली नाहीस. रडली असतीस तर मी जवळ बसलो असतो. नुसती भिंतीकडे बघत होतीस. माझे खरे वडील गेले तेव्हा तू तेराव्याला येणाऱ्या माणसांचा हिशोब करत होतीस. तुझी चूक नाही, कोणीतरी करायलाच हवा होता. पण मी त्या दिवशी दारात उभा राहून एका मेलेल्या माणसाचा हेवा केला, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

तू तो फोटो पुसायचीस तेही मला पाठ आहे. रोज सकाळी, चहानंतर, पदराच्या टोकाने. आणि कायम उजव्या कडेला. बुवांचा चेहरा मधोमध, पण तुझा हात उजव्या कडेलाच घुटमळायचा, जिथे नुसता तपकिरी जाड कागद होता, तो काचेखालचा, ज्याला फ्रेमवाले माउंट म्हणतात. मी पेपरच्या आडून बघायचो. मला वाटायचं, तुला त्यांच्या चेहऱ्याला हात लावायचा संकोच वाटतो. बघ, माझं डोकं कुठे कुठे जात होतं.

फोटोबद्दलही माझी कुरकुर होती. एवढे मोठे गायक आणि तोंड मिटलेलं. इतर कुणाही गवयाचा फोटो बघ, तोंड उघडं, हात वर. हे मात्र ओठ मिटून बसलेले, मान किंचित डावीकडे वळलेली, डावा हात उचललेला, आणि डोळ्यांत ते हसू. मला वाटायचं, हा माणूस माझ्याकडे बघून हसतोय. बघ म्हणतोय, तुझ्या घरात बसलोय.

तर परवा. अंबरीश म्हणाला, बाबा, काचेसकट विमानात नको, बॅगा आपटतात, काच फुटली तर फोटोवर ओरखडे येतील. काच काढून पुठ्ठ्यात घालून द्या. मी त्याला सांगितलं, तुझ्या आईने उघडायचं नाही म्हणून बजावलंय. तो म्हणाला, आईला विमानाचं काय माहीत. खरं सांगू, मला तेवढं निमित्त पुरे होतं. तू उघडू नका म्हणालीस त्या मिनिटापासून माझ्या मनात तेच होतं. मला वाटत होतं आत चिठ्ठी असणार. तुझ्या नावाने काही लिहिलेलं असणार त्यांनी, मागच्या बाजूला. मी ते वाचणार होतो आणि मग फोटो पाठवणारच नव्हतो. उबेरमध्ये फुटला म्हणून सांगणार होतो. चंदीगडला सेक्टर २२मधल्या फ्रेमवाल्याकडे जाताना बुवा माझ्या मांडीवर होते आणि मी मनातल्या मनात ते खोटं घोळवत होतो.

दुकानातले सरदारजी बोलके. फोटो हातात घेतला आणि म्हणाले, पिताजी? सवयीने मी हां जी म्हणालो. त्यांनी मागचे खिळे उपसले, पुठ्ठा काढला. मागे काही लिहिलेलं नव्हतं. एक अक्षर नाही. मग त्यांनी काच उचलली, माउंटच्या कडेला पातळ सुरी घालून तो हळूहळू सोडवला, आणि म्हणाले, लो जी, इधर तो कोई और भी बैठी है.

तू बसली होतीस. बुवांच्या डाव्या खांद्यामागे, तंबोरा उभा धरून. दोन वेण्या, परकर-पोलकं नाही, साधी काठाची साडी, पदर कमरेला खोचलेला. गाल तंबोऱ्याच्या इतका जवळ की लागलाच आहे. डोळे मिटलेले. आणि तोंड उघडं. वसुधा, तू नुसती तंबोरा वाजवत नव्हतीस, तू गात होतीस. आणि ते थांबले होते. त्यांची मान वळलेली आहे ती तुझ्याकडे, हात उचललेला आहे तो तुला दाद द्यायला, आणि डोळ्यांतलं ते हसू माझ्यासाठी कधीच नव्हतं. एवढा मोठा माणूस ओठ मिटून तुझं गाणं ऐकत होता आणि केतकरांनी नेमकं तेवढंच टिपलं. फोटो बुवांचा नाहीच, तुझा आहे. आपल्या सोफ्याच्या वर इतकी वर्षं त्याचा उरलेला भाग लटकत होता.

सरदारजी विचारत होते, बहन है? मी म्हटलं, नहीं जी, मेरी घरवाली. त्यांनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा 'पिताजीं'कडे बघितलं, आणि दुकानातल्या पोराला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो चहा प्यायलो.

तुला वाटेल, सगळं कळल्यावर माझा राग गेला असेल. नाही गेला. वाढला. आधी निदान मला माहीत तरी होतं की मी कुणावर जळतोय. आता कुणावर जळू? तो चेहरा माझ्या बायकोचा आहे आणि मी तो आयुष्यात कधी पाहिलेला नाही. लग्नात नाही, अंबरीश झाला तेव्हा नाही, नातीला, मैत्रेयीला, पहिल्यांदा हातात घेतलंस तेव्हासुद्धा नाही. त्या दिवशी तिथे सतरंजीवर बसलेल्या शेवटच्या माणसानेही तो पाहिला असेल. केतकरांच्या कॅमेऱ्याने पाहिला. मी संसार केला आणि मला तुझी बाजू झाकलेला फोटो मिळाला.

मग मी मंजुषाला फोन केला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिला सोडलंच नाही. तिने सांगितलं की आमच्या आधीची दोन स्थळं मुलगी बुवांच्या बैठकींना बसते, परगावी जाते, म्हणून परत गेली होती. तुझ्या वडिलांनी तुला आदल्या दिवशी समजावलं, या वेळी विचारलं तर नाही म्हण. आणि पोह्यांच्या बश्या ठेवल्यावर माझ्या आईने विचारलंच, गाताबिता येतं का गं? तू म्हणालीस, नाही. मी तिथेच बसलो होतो. मला आठवतंय, मला बरं वाटलं होतं, कारण मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही आणि गाणारी बायको मला हसेल अशी भीती होती. लग्नाआधी तू स्वतः जाऊन तुझी बाजू माउंटखाली झाकून घेतलीस. फोटो टाकवला नाही, दाखवताही आला नाही.

आता मला एकेक गोष्ट आठवते आणि डोक्याला ताप होतो. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतलं पोर सुरू झालं की तू उठून भाजी निवडायला जायचीस. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी आरती सांगायचो, सगळ्यात पुढे उभा राहून, खड्या आवाजात, आणि तू माझ्या मागे नुसत्या टाळ्या वाजवायचीस. मला वाटायचं, तुला शब्द पाठ नाहीत. एवढ्या वर्षांत एकदा तरी म्हणायचंस, अहो, जरा खालच्या पट्टीत घ्या. मंडळातल्या लोकांच्या कानांची तरी दया यायला हवी होती तुला.

आणि मंजुषा शेवटी जे बोलली ते तर तू तिला सांगू नको म्हणून शपथ घातली होतीस. की रविवारी उद्घाटनाला बुवांचे शिष्य गाणार आहेत आणि त्यांच्या मागे तंबोरा घेऊन तू बसणार आहेस. की तू तिच्या मागच्या खोलीत रोज सकाळी दार लावून रियाज करतेस, पहिले काही दिवस आवाज फुटतच नव्हता, आता लागायला लागलाय. म्हणून तिकीट रद्द. ती म्हणाली, भाऊजी, मी स्वयंपाक करता करता रडते हो. तेव्हा मला मंजुषाचाही हेवा वाटला. तिला दाराआडून का होईना ऐकू येतं. मला तू पुण्यात पाय दुखतात म्हणून सांगितलंस.

फोटो पुठ्ठ्यात घालून अंबरीशकडे दिलाय, बिनकाचेचा. माउंट वेगळा ठेवलाय, त्याच पाकिटात, मोडला नाही. पुन्हा लावायचा की नाही ते तुझं तू ठरव. मी सरदारजींना तुझ्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढू दिला नाही, ते मागत होते. मीही काढला नाही. काल मैत्रेयीला मात्र दाखवला. ती म्हणाली, आजी तो हीरोइन है, दादू, आपने बताया क्यों नहीं? मी म्हटलं, मलाच कुणी सांगितलं नव्हतं. तिने ते मराठीतलं समजून घेतलं आणि मला तिच्या तिळाच्या गजकमधला अर्धा तुकडा दिला. भिंतीवर आता चौकोनी फिका डाग उरलाय. आज सकाळी गुरमीत भाभी वाटीभर कढी द्यायला आल्या, रिकामी भिंत बघून दचकल्या, म्हणाल्या, बाऊजी कहाँ गए? मी म्हटलं, पुणे गए हैं जी, गाना सुनने.

मलाही यायचंय, वसुधा, पण न विचारता येऊन मागच्या खुर्चीवर बसणार नाही. तुझ्या त्या मिटल्या डोळ्यांसमोर मी नको असेन, तर तसं सांग. जळेन, पण इथे बसून जळेन. अंबरीशजवळ निरोप ठेवू नकोस, तू स्वतः फोन कर, आणि 'बरं' म्हणू नकोस. हे एवढं लांबण लावलं ते एका गोष्टीसाठी. त्या दिवशी पोहे खाताना आईने तुला एक प्रश्न विचारला होता. मी शेजारीच बसलो होतो, आणि मी तो तुला कधीच विचारला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. आईला द्यायचं ते उत्तर तू देऊन मोकळी झालीस, ते तिच्याबरोबर गेलं. आता मी विचारतोय, आणि घाबरत घाबरत विचारतोय. वसुधा, तुला गाता येतं का?

तुझाच,
विश्वास